मुलुंडच्या जावेची कातडी

मुंबईहून परत आलं की आमच्या कुडाळात पहिला प्रश्न ठरलेला असतो: चौपाटी बघितलीस काय? मी नाही बघितली. मी मुलुंड, विक्रोळी, घाटकोपर, अंधेरी अशी उपनगरांतच फिरले, आणि या प्रवासात मी सगळ्यात जास्त काय बघितलं असेल तर माझ्या धाकट्या जावेचा, शिल्पाचा, उजवा खांदा.

त्याचं कारण आधी सांगते. काही वर्षांपूर्वी गणपतीत आम्ही दोघी गावच्या घरी वडे तळत बसलो होतो. मधे चूल, अलीकडे मी, पलीकडे ती. वरच्या फळीवरून मांजराने उडी मारली आणि फळीवरचा पितळी डबा थेट उकळत्या तेलात पडला. तेल उसळलं ते माझ्या डाव्या खांद्यावर नि दंडावर, आणि तिच्या उजव्या. एका गाडीतून आम्हाला दवाखान्यात नेलं, एकाच डॉक्टरांनी पट्ट्या बांधल्या, एकाच डब्यातलं मलम लावलं. दोघींच्या जखमा भरल्या. तिची भरली आणि थांबली. माझी भरायची थांबलीच नाही. कातडी लाल झाली, वर आली, जाड झाली, आणि जिथे तेल पडलंही नव्हतं तिथपर्यंत सरकली. आज माझ्या मानेखालून दंडापर्यंत बोटाएवढ्या जाड दोऱ्या वळल्यासारखं दिसतं. डॉक्टर त्याला केलॉइड म्हणतात. घाम आला की खाजतं, ब्लाउज घासला की आग होते, आणि हात खांद्याच्या वर जात नाही.

आमची कलमांची नर्सरी आहे. आंब्याच्या कलमासाठी काडी काढायची तर हात वर जावा लागतो. उंचावरच्या काड्या आता आमचे हे काढतात. त्यांना चांगली काडी ओळखता येत नाही, आणि मला ते बोलवत नाही.

म्हणून शिल्पाचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीची धाकटी बहीण, प्रज्ञा, अंधेरीला एका संशोधन संस्थेत काम करते. कातडी अशी का जाड होते, हाच तिचा विषय. एकाच तेलाने भाजलेल्या दोन जावा आहेत हे कळल्यावर ती म्हणाली, दोघींना भेटायचंय. तिथे कातडीच्या एक चांगल्या डॉक्टरीणबाईही बसतात. "वहिनी, याच. एकदा दाखवून तर घेऊ," शिल्पा म्हणाली. मी मनात धरलं की ऑपरेशन करतील, कापून काढतील, आणि हात वर जाईल.

मुलुंड

शिल्पाने दार उघडलं तेच बिनबाह्यांच्या ड्रेसमध्ये.

मला वाटलं होतं, निदान मी येणार म्हणून तरी ती ओढणी घेईल. तिच्या खांद्यावर भाजल्याची खूण आहे, नाही असं नाही. जराशी फिकट, जराशी चकाकणारी, पातळ कापडावरून इस्त्री फिरवावी तशी. उजेडात वळली तरच कळते. चहा गाळताना, कपाटातून डबा काढताना तिचा हात सरळ वर जात होता आणि तो गेला की माझे डोळे त्याच्यामागे जात होते. साखर किती घालू, असं तिने दोनदा विचारलं म्हणे.

मुलुंड मला आवडलं, आणि आवडलं म्हणून राग आला. रस्ते सरळ, दोन्ही बाजूंना झाडं, आणि तिच्या बाराव्या मजल्यावरच्या खिडकीतून पश्चिमेला जंगलाचे डोंगर. मुंबईत राहून हिला डोंगर! आमच्याकडे डोंगर आहेत, पण ते बघायला बाराव्या मजल्यावर बसायला मिळत नाही. मागच्या आठवड्यात कुंपणाशी बिबट्या आला होता असं ती कौतुकाने सांगत होती. आमच्याकडे बिबट्या आला की कुत्रं जातं. त्याचं कौतुक कोणी करत नाही.

संध्याकाळी मी आणलेले सुके बांगडे भाजायला काढले तर ती धावत आली. "वहिनी, थांबा थांबा!" तिने स्वयंपाकघराचं दार लावलं, खिडक्या लावल्या, पंखा चालू केला. शेजारी, वरती, खालती सगळे शाकाहारी. एकदा सुकट भाजली तर सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी नाक धरलेलं चित्र टाकलं होतं. बंद खोलीत धुरात आम्ही दोघी चोरासारख्या बांगडे भाजत उभ्या राहिलो आणि मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. एका बाबतीत तरी माझं घर वरचढ होतं. आमच्या अंगणात मी बांगडा भाजला की शेजारीण ताट घेऊनच येते.

जेवताना नितीन भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिराने, विचारलं, "वहिनी, खाज कमी झाली का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "हिचं बघा ना, काय नशीब! डॉक्टर पण बोलले, झकास बरं झालंय." शिल्पाने त्यांना टेबलाखालून लाथ मारली असावी, कारण ते एकदम भाताकडे बघू लागले. भाऊजींचा मला राग आला नाही. हिने मला सांभाळून घेतलं, त्याचा आला.

विक्रोळी

प्रज्ञाचं घर विक्रोळीला, जुन्या वसाहतीत. कारखान्यांच्या लांबच लांब भिंती ओलांडून आम्ही रिक्षाने गेलो. पलीकडे खाडीच्या बाजूला कांदळवन दिसतं. हिरव्या रंगाची एक दाट पट्टी, आणि तिच्या डोक्यावर हायवेचा आवाज.

प्रज्ञा तिशीची असेल. बारीक, चष्म्याची, भराभर बोलणारी. तिची आई लातूरकडची; लग्न होऊन मुंबईत आली, वडील कारखान्यात होते, आता निवृत्त. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मुलींची बक्षिसं. काकूंनी ज्वारीच्या भाकऱ्या केल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी, आणि वांग्याचं काळ्या मसाल्याचं कालवण. मी भाकरीबरोबर भात कुठे आहे हे डोळ्यांनी शोधत होते. काकूंनी ओळखलं. "तुम्ही कोकणातले. भाताशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही." आणि खरंच वाटीभर भात पुढे आला. पण मी भाकरी तीन खाल्ल्या.

जेवणानंतर प्रज्ञा म्हणाली, "बघू का?" शिल्पाचा खांदा तिने आधी पाहिला. बोट फिरवलं, चिमटीत कातडी धरून पाहिली. "किती सुंदर बरं झालंय!" मग माझा पाहिला. बराच वेळ पाहिला. "इंटरेस्टिंग," म्हणाली.

एकीला सुंदर, एकीला इंटरेस्टिंग. मी ब्लाउज सारखा केला.

ती खजील झाली. "सॉरी, मावशी. मला एक सांगा, खाज कुठे येते? मधे की कडेला?"

"कडेला."

"बरोबर. काम कडेलाच चालू असतं." मग तिने मला समजावून सांगितलं, आणि मला जेवढं कळलं तेवढं मी इथे सांगते. कातडीच्या खालच्या थरात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. कोलॅजेनचे धागे तयार करणं हे त्यांचं काम. त्या पेशींच्या अंगावर निरोप घेणारे रिसेप्टर असतात. जखम झाली की रक्तातून, आजूबाजूच्या पेशींतून रसायनं सुटतात. त्यातलं मुख्य टीजीएफ-बीटा. ते त्या रिसेप्टरवर येऊन बसलं की रिसेप्टर आत निरोप देतो: धागे बनवा, जखम ओढून घ्या. जखम भरली की हा निरोप बंद पडायला हवा.

"शिल्पाच्या पेशींना हे रिसेप्टर नाहीत?" मी विचारलं.

"आहेत ना. तेच आहेत. निरोपही तोच आला. त्यांच्यात काम झाल्यावर आतून थांबवणारी यंत्रणा चालली."

"आणि माझ्यात?"

"तुमच्यात निरोप चालूच आहे. आणि त्यात अजून एक गंमत, म्हणजे गंमत नाही..." ती अडखळली. "पेशींना ओढ कळते. आजूबाजूची कातडी ताठ झाली की त्या ओढीचाही त्यांच्यापर्यंत निरोप जातो. मग त्या अजून धागे बनवतात, कातडी अजून ताठ होते, आणि अजून निरोप जातो."

"म्हणजे जखम कधीच गेली. आता हे आपलं आपणच चाललंय."

"साधारण तसंच."

"पण मलाच का? तेल एक, दिवस एक, मलम एक."

"नेमकं माहीत नाही, मावशी. थोडं आनुवंशिक असतं. तुम्ही दोघी जावा, रक्ताचं नातं नाही. म्हणून तर मला तुम्ही दोघी हव्या होतात."

काकू दारापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. लेकीच्या तोंडाकडे बघताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला तेही बघवेना. मी शिल्पाला म्हटलं, चल, उशीर होतोय. उशीर होत नव्हता.

अंधेरी

घाटकोपरहून अंधेरीला मेट्रोने गेलो. गाडी थंडगार, आणि इतक्या उंचावरून जाते की लोकांच्या घरातली वाळत घातलेली गोधडी, गच्चीवरची तुळस, खिडकीत दाढी करणारा माणूस, सगळं डोळ्यांच्या रेषेत येतं. एक विमान तर पत्र्याच्या छपरांना घासूनच उतरतंय असं वाटलं. शिल्पा मोबाइलमध्ये बघत होती. रोज दिसतं त्याचं कोणाला काय! मी मात्र काचेला नाक लावून बसले.

संस्थेत चपलांवर निळ्या पिशव्या घालायला लावल्या. वाकलं की माझा खांदा ओढायचा, डावा हात पायापर्यंत नीट पोचेना, तर शिल्पा पटकन बसली आणि तिने माझ्या पायात त्या चढवल्या. लोक बघत होते. मी "राहू दे गं" म्हटलं, पण पाय पुढे केला.

आत प्रज्ञाने एका पडद्यावर पेशी दाखवल्या. दोन काचेच्या बशा, दोन चित्रं. दोन्हीकडे लांबट, टोकदार, सूत कातायच्या चातीसारख्या पेशी. एका चित्रात त्या सुट्या सुट्या पडल्या होत्या, आपापल्या जागी. दुसऱ्यात एकमेकींना खेटून, एकाच दिशेला, झुंडीने. दुसरं चित्र कसलं ते विचारावं लागलं नाही. "माझ्यासारख्या कोणाच्या?" एवढंच मी म्हटलं. "हो. ऑपरेशनमध्ये काढलेल्या केलॉइडमधल्या." मग तिने तिसरं चित्र लावलं. त्याच झुंडीतल्या पेशी, पण रिसेप्टर अडवणारं एक औषध टाकल्यावर. धागे कमी झाले होते, पेशी जरा सैल दिसत होत्या.

"मग हेच मला द्या ना!"

"मावशी, हे बशीत चालतं. माणसाच्या शरीरात हाच निरोप शंभर चांगल्या कामांनाही लागतो. सगळीकडे बंद केला तर वाट लागेल. फक्त तिथेच कसा बंद करायचा, ते अजून कोणालाच नीट जमलेलं नाही."

मी पडद्याकडे बघत राहिले. मला त्या बशीतल्या पेशींचासुद्धा हेवा वाटला. कोणा अनोळखी माणसाच्या त्या पेशी, अंगाबाहेर, काचेत, आणि त्यांना औषध मिळत होतं.

डॉक्टरीणबाई खालच्या मजल्यावर बसत. केस पिकलेल्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी माझा हात वर करून पाहिला, जिथे अडतो तिथे थांबल्या. मी माझी तयारी सांगितली: ऑपरेशन करायचं, कितीही दिवस राहीन.

"नुसतं कापायचं नाही," त्या म्हणाल्या. "कापणं म्हणजे नवी जखम. पेशींना परत तोच निरोप. बऱ्याच जणांत आधीपेक्षा मोठं होऊन येतं."

"मग?"

"इंजेक्शनं देऊ, थेट व्रणात. काही आठवड्यांच्या अंतराने. वर सिलिकॉनची पट्टी. मऊ पडतंय का बघू. पुढचं पुढे. सपाट होईल असं मी सांगणार नाही. पहिलं इंजेक्शन इथे देते, पुढची कुडाळला घ्या, मी तुमच्या डॉक्टरांशी बोलेन."

एवढ्या लांबून मी हे ऐकायला आले होते. मी मान हलवली, कारण तेवढंच करता येत होतं. मग प्रज्ञा आत आली आणि तिने जरा चाचरत विचारलं की अभ्यासासाठी कातडीचा अगदी छोटा, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा हवा होता. मी लगेच बाही वर करायला लागले.

"तुमचा नाही, मावशी. तुम्हाला छेद देणं बरोबर नाही. शिल्पाताईंचा. नीट बरा झालेला व्रण आम्हाला सहज मिळत नाही."

रोग माझा, खाज माझी, प्रवास माझा. आणि हवी होती तिची कातडी.

शिल्पाने आपला खांदा हाताने झाकला. "मी नाही देणार," ती म्हणाली.

"काही घाई नाही, ताई, विचार करून..."

"विचार केला. नाही."

प्रज्ञा लगेच म्हणाली, "ठीक आहे. नाही तर नाही." डॉक्टरीणबाईंनी मला परवाची वेळ दिली आणि आम्ही निघालो.

घाटकोपर आणि भांडुप

येताना घाटकोपरला खाऊगल्लीत उतरायचं आधीच ठरलं होतं, म्हणून उतरलो. डोशात काय काय घालतात तिथे! चीज, नूडल्स, पनीर, आणखी कसली तरी लाल चटणी, आणि तव्यावर ते सगळं रगडून गुंडाळ्या करून देतात. आमच्याकडचं घावन यांनी पाहिलं तर आजारी माणसाचं जेवण समजतील. आम्ही कागदाच्या ताटल्या घेऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो.

शेवटी मीच म्हटलं, "तांदळाच्या दाण्याएवढा तर मागितला होता."

"वहिनी, नको ना तो विषय."

"तुझी जखम भरते, शिल्पा. तुला काय होणार आहे? मला दिली असती ना अशी कातडी, तर मी त्यांना चादरभर काढून दिली असती."

"भरते हे तुम्हाला कोणी सांगितलं?" तिने ताटली खाली ठेवली. "एकदा भरली. परत भरेल कशावरून? तुम्हाला माहितीय, मी रोज आंघोळीच्या वेळी हात फिरवून बघते. कुठे वर आलंय का. कुठे जाड लागतंय का. तुमचं पण आधी नीटच भरलं होतं ना? मग तीन महिन्यांनी सुरू झालं. मला वाटतं माझं पण होणार. आज नाही तर उद्या."

"म्हणून गणपतीला यायचं सोडलंस?"

तिने ताटली आणखी लांब सारली. मला वाटत आलं होतं की ती आता मुंबईची झाली, बारावा मजला, सुट्टी मिळत नाही. सासूबाईही तेच म्हणायच्या, "तिका आता गाव कित्याक होयो?"

"तुम्हाला बघितलं ना," ती हळूच म्हणाली, "की मला माझं दिसतं. माझं पुढचं."

मी तिच्यावर जळत होते, आणि ती मला घाबरत होती. इतकी वर्षं मी तिच्यासाठी माणूस नव्हतेच, एक भीती होते. मला दया यायला हवी होती. आला तो संताप.

"मग ऐक," मी म्हटलं. "तुझंही वर यावं असं मला वाटलंय. खोटं कशाला बोलू? तुझा फोन आला की आधी वाटायचं, आता सांगेल, वहिनी, माझंही सुरू झालं. तू ते कधी सांगितलं नाहीस आणि दरवेळी मला वाईट वाटलं."

तव्यावर पाणी टाकल्याचा चर्र आवाज झाला. शिल्पा उठली. "तू असं बोलू शकतेस?" ती म्हणाली. सोळा वर्षांत तिने मला पहिल्यांदा तू म्हटलं. पर्स घेतली आणि चालायला लागली. मी हाक मारेपर्यंत गर्दीत दिसेनाशी झाली.

मला तिथला रस्ता माहीत नव्हता आणि फोनची बॅटरी संपलेली. मुलुंड, मुलुंड असं विचारत एका बसमध्ये बसले, तर ती बस भांडुपलाच संपली. कंडक्टर म्हणाला, "पुढे नाही जात मावशी. उतरा." उतरले तर समोर मासळीबाजार. पापलेट, मांदेली, बोंबील, आणि पाण्याने चिंब रस्ता. पायांनी मला आपोआप तिकडे नेलं. एका कोळंबीवालीचं लक्ष माझ्या मानेकडे गेलं. ती मालवणकडची निघाली.

"काय गे बाय, भाजलंस?"

"तेल उडाला."

"दुखता?"

"खाजता."

"घामान जास्त खाजता," ती म्हणाली आणि कोळंबी मोजायला लागली. एवढंच. तेवढ्यानेही मला रडू आलं. तिथे उभी राहून रडले आणि मग कोळंबी घेतली, कारण रिकाम्या हाताने कसं जायचं ते कळेना. रिक्षावाल्याने पिशवीकडे बघून नाक मुरडलं, पण मुलुंडला सोडलं.

दार शिल्पानेच उघडलं. डोळे सुजलेले. "फोन का लागत नव्हता? मी परत आले होते तिथे, तर तुम्ही नाही. यांना स्टेशनला पाठवलंय शोधायला." मी पिशवी पुढे केली. तिने घेतली, आत जाऊन खिडक्या लावल्या, आणि कोळंबी सोलायला बसली. मीही समोर बसले. सगळी सोलून झाल्यावरच दोघी उठलो.

पुन्हा अंधेरी, पुन्हा मुलुंड

इंजेक्शनच्या दिवशी मी एकटी जाईन म्हणाले. ती रजा टाकून आली. वाटेत प्रज्ञाचा फोन आला, तर शिल्पाच्या आधी मीच घेतला. "तुकड्याचं परत विचारू नकोस गं. ती देणार नाही." प्रज्ञा म्हणाली, नाहीच विचारणार. मी फोन दिला तेव्हा शिल्पा माझ्याकडे बघत होती. हे मी तिच्या प्रेमापोटी केलं असं मला म्हणवत नाही. नाही म्हणायला हाताशी काहीतरी असणं ही चैन आहे, आणि त्या चैनीचाही मला हेवा वाटत होता. पण कातडी तिची होती.

केलॉइडमध्ये सुई घालणं म्हणजे लाकडात खिळा ठोकणं. औषध आत जातच नाही. डॉक्टरीणबाई अंगठ्याचा जोर लावतात आणि आतून फाटतंय असं वाटतं. मी दातांखाली पदर धरला. शिल्पाने माझा दुसरा हात धरला होता, आणि तिचे डोळे बंद होते. तिसऱ्या टोचणीला तिने ते उघडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी सिलिकॉनची पट्टी लावायची होती. आरशात बघून मला एका हाताने जमेना. पट्टी दुमडत होती. शिल्पा दारात उभी होती. "मी लावू?" म्हणाली.

मी खुर्चीत बसले, ब्लाउज खांद्यावरून खाली घेतला. भाजल्यापासून डॉक्टर सोडून त्या जागेला कोणी हात लावला नव्हता. आमच्या ह्यांनीसुद्धा नाही. दुखेल म्हणून, असं ते म्हणतात. शिल्पा मागे येऊन उभी राहिली. तिने आधी पट्टी लावलीच नाही. हात ठेवला. मग बोट त्या दोरीवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं, जसं ती रोज स्वतःच्या खांद्यावर फिरवते.

"गरम आहे गं," ती म्हणाली.

"असतं."

"मला वाटलं होतं थंड असेल. दगडासारखं."

"जिवंत आहे ते. तेच तर दुखणं आहे."

ती जराशी हसली, जराशी रडली, आणि पट्टी नीट, एकही सुरकुती न ठेवता लावली. "वहिनी, तू ते बोललीस ना, घाटकोपरला," ती मागूनच म्हणाली, "अजून वाटतं?"

मी आरशात तिच्याकडे पाहिलं. बिनबाह्यांचाच ड्रेस होता. "तुझं वर यावं असं नाही वाटत आता. तुझी कातडी माझी असावी असं वाटतं."

"ते ठीक आहे," शिल्पा म्हणाली.

कुडाळ

परत येऊन चार महिने झाले. तीन इंजेक्शनं इथे घेतली. मधला भाग तसाच आहे, पण खालची कड मऊ पडली आहे आणि तिथली खाज बरीच कमी आहे. हात आता कानापर्यंत जातो. खालच्या फांद्यांच्या काड्या मी स्वतः काढते. वरच्या अजून हेच काढतात आणि अजून चुकीच्या काढतात, पण आता मी तसं तोंडावर सांगते.

प्रज्ञाला तसा व्रण दुसऱ्या कोणाचा तरी मिळाला. शिल्पाने दिला नाही तो नाहीच. गणपतीला मात्र ती आली. चुलीपाशी बसली नाही. ओट्याजवळ उभी राहून वड्यांचं पीठ मळत होती, आणि सासूबाईंनी "खय बसतलंस थय बस" म्हणून तिला सोडलं. ऊन होतं, म्हणून बिनबाह्यांचाच ब्लाउज घातला होता. विसर्जनाला सगळ्यांनी हात उंच करून गजर केला. तिचा उजवा हात सरळ आभाळाकडे गेला. माझा डावा कानाशी अडला. मी तिच्याकडे बघत राहिले.

ती माझ्या शेजारी सरकली. "बघतेयस ना?" तिने कानाशी येऊन विचारलं.

"बघतेय. जळतेय."

"जळ," ती म्हणाली, आणि तिने आपला वर गेलेला हात खाली न घेता दुसऱ्या हाताने माझं कोपर धरलं, जिथे अडलं होतं तिथेच, आणि मूर्ती पाण्यात जाईपर्यंत धरून ठेवलं.